मनोरा वसईत, घंटा मेणवलीत

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो, जिथे मागून कुकरची शिट्टी वाजली, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग घंटेवर आहे. नोटिफिकेशनच्या नाही, खऱ्या. काशाची, दोरीने ओढायची, मनोऱ्यात टांगलेली.

आधी एक कबुली. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, रात्री अडीच वाजता, मी गडचिरोली जिल्ह्यातलं एक अख्खं गाव झोपेतून उठवलं. मी स्वतः तेव्हा पुण्यात, माझ्या खोलीत गाढ झोपलो होतो. पण गाव उठवलं मीच. माझ्या कोडने.

झालं असं. आमच्या गावात एक छोटं चर्च आहे. आमच्या घरी गणपती बसतो, पण मी चौथीपर्यंत शिकलो ते त्याच आवारातल्या शाळेत. त्यामुळे ते चर्च आमचंही आहे असं मी लहानपणापासून धरून चाललोय. त्याला दगडी मनोरा वगैरे नाही. लोखंडी अँगल वेल्डिंग करून केलेला चार पायांचा सांगाडा आहे, वर पत्र्याची टोपी आणि खाली घंटा. ती वाजवायचे एक काकाजी. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. पावसात डोक्यावर पोतं घेऊन, उन्हात दुपट्टा बांधून.

काकाजींचे गुडघे गेले, मग दम लागायला लागला. दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा फादर म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना? घंटेला मशीन बसवता येईल का?" मी मनातल्या मनात हसलो. अहो, एक मोटर, एक मायक्रोकंट्रोलर, घड्याळाचं एक मॉड्यूल. वीकेंडचं काम! काकाजी बाजूलाच बसले होते. ते एवढंच म्हणाले, "बाबू, टाइमावर तं मशीन वाजवंल. पन कोनी मेला तं मशीनले कोन सांगंल?"

मला तो म्हाताऱ्या माणसाचा भाबडा प्रश्न वाटला. मी मशीन बसवलं. सात-आठ महिने मस्त चाललं. मग एका पावसाळी दिवशी लाइन गेली. आमच्याकडे लाइन जाणं ही बातमी नसते. रात्री साडेआठला परत आली. आता ऐका. घड्याळाच्या मॉड्यूलमध्ये एक बटन सेल घालायचा असतो, लाइन गेली तरी वेळ लक्षात राहावी म्हणून. मी तो घातलाच नव्हता. "नंतर घालू" म्हणून राहिला. तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांना "नंतर करू" म्हणजे काय ते माहीत आहे. साडेआठला मशीन चालू झालं आणि त्याने ठरवलं की आत्ता रात्रीचे बारा वाजलेत. तिथून सहा तास मोजले, आणि अडीच वाजता सकाळची घंटा दिली.

रात्री अडीचला घंटा म्हणजे गावाला एकच अर्थ कळतो. लोक टॉर्च घेऊन, चिखल तुडवत सरळ काकाजींच्या घरी गेले. कारण आजारी तेच होते. काकाजींनीच दार उघडलं. समोर पंधरा-वीस माणसं रडवेल्या चेहऱ्याने उभी. काकाजी म्हणाले, "मी हावो अजून. तो पोट्ट्याचा मशीन हाये."

सकाळी आईचा फोन आला. त्यानंतर मला घंटेबद्दल वाचावं लागलं. लाजेपोटी म्हणा. आजचा भाग त्या वाचनातून आणि त्यासाठी केलेल्या दोन प्रवासांतून आला आहे.

स्वदेसमधली ती जागा

'स्वदेस' पाहिलाय? २००४ चा, शाहरुखचा. त्यातला नदीचा घाट आठवतोय? तो वाईजवळच्या मेणवलीचा. कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे, मागे घाट आहे, घाटावर मेणेश्वराचं देऊळ. आणि देवळाशेजारी दगडी छत्रीसारख्या एका छोट्या बांधकामात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात.

घंटेजवळ जाऊन नीट पाहिलं की अंगावर काटा येतो. तिच्यावर एका बाईची आकृती आहे, हातात बाळ. ती मेरी आहे आणि बाळ येशू. सोबत ओतल्याचं साल: १७०७. म्हणजे औरंगजेब अहमदनगरजवळ वारला, ते साल.

शंकराच्या देवळाजवळ मेरीची घंटा कशी आली?

आणि ही एकटी नाही. नाशिकला गोदावरीच्या काठी, पंचवटीत, सरदार नारोशंकरांनी १७४७ मध्ये बांधलेलं रामेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या समोरच्या तटावर मोठी घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल. नाशिककर तिला नारोशंकराची घंटा म्हणतात. भीमाशंकरला देवळासमोर आहे. अष्टविनायकांत पालीला आणि थेऊरला आहेत. तुम्ही यांतल्या एखाद्या ठिकाणी दर्शनाला गेला असाल, सेल्फीही काढला असेल, आणि त्या घंटेवर एखादा क्रॉस आहे हे लक्षातही आलं नसेल.

या सगळ्या घंटांचा माग उत्तर कोकणात जातो. वसईला.

दोनशे पाच वर्षं

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. तिथून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षं, पोर्तुगीज तिथे होते. त्यांनी दगडी किल्ला बांधला आणि किल्ल्याच्या आत एक पूर्ण शहर वसवलं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथाचं आपलं चर्च आणि मठ. किल्ल्याबाहेर शेतावाडीत गावोगावी पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे एका फादरच्या देखरेखीखालचा गावांचा पट्टा. साधारण हिशोब असा की जिथवर घंटा ऐकू येते तिथवर आपलं गाव. आजच्या भाषेत मोबाइल टॉवरची रेंज.

ही गोष्ट अर्धवट सांगायची नाही. याच काळात या भागातली देवळं पाडली गेली. धर्मांतरं झाली, त्यांतली सगळी मनापासून झालेली नव्हती. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं आणि मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. मराठी मुलखात पोर्तुगिजांबद्दल जो राग होता तो हवेतून आला नव्हता.

१७३७ मध्ये बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांनी मोहीम सुरू केली. ठाणे पडलं, साष्टी आली, मग माहीम, तारापूर. शेवटी वसई. १७३९ च्या मे महिन्यात सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून तट फोडला. दोन्ही बाजूंची माणसं फार मेली. १६ मे १७३९ रोजी किल्ल्याने शरणागती दिली. शिबंदीला मानाने बाहेर पडू दिलं. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, तो देऊळ बांधून फेडला. ते देऊळ आजही किल्ल्यासारखं दिसतं. दीड वर्षात, डिसेंबर १७४० मध्ये, अप्पा वारले.

आणि मनोऱ्यांतल्या घंटा उतरल्या. हत्तीवरून गेल्या, गाड्यांतून गेल्या, घाट चढल्या. सरदारांनी त्या आपापल्या श्रद्धेच्या देवळांना दिल्या.

घंटा वितळली का नाही?

आता मला इंजिनिअर म्हणून पडलेला प्रश्न. घंटेचं कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. तोफेचं कासंही त्याच घराण्यातलं, फक्त कथील कमी. युरोपात घंटा ओतणारे कारागीर कित्येकदा तोफाही ओतायचे. तेच ओतकाम, तीच भट्टी. त्यामुळे युद्ध आलं की आधी मनोऱ्यांकडे नजर जायची. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने युरोपभरातून सुमारे पावणेदोन लाख घंटा काढून नेल्या आणि त्यांतल्या बहुतेक वितळवल्या. हॅम्बर्गच्या गोदीत ओळीने ठेवलेल्या घंटांचे फोटो आहेत. त्या जागेला लोक घंटांचं कब्रस्तान म्हणायचे.

१७३९ मध्ये मराठ्यांनाही तोफा हव्याच होत्या. त्यांना घंटा भट्टीत टाकता आल्या असत्या. पण मेणवली, नाशिक, भीमाशंकर, पाली, थेऊर इथल्या घंटा देवाला वाहिल्या गेल्या. एकदा देवाला वाहिलं की कोणी हात लावत नाही. म्हणून ती १७०७ सालची मेरी आजही दिसते. नाक, डोळे, बाळ, सगळं. तिच्यावरची आकृती कोणी छिन्नीने घासली नाही. मेणवलीत मी बराच वेळ तेच बघत होतो. जिंकलेल्याने हरलेल्याची देवी पुसली नाही, तिला टांगून रोज वाजवली.

मग ही लूट की जतन? मला विचाराल तर दोन्ही. लुटून नेल्या हे खरं, आणि नेल्या म्हणून त्या वाचल्या हेही खरं. यातलं एकच वाक्य सांगणारा माणूस भेटला तर जरा सावध राहा. मग तो कोणत्याही बाजूचा असो.

जगात हे पुष्कळदा घडलंय. ९९७ मध्ये कोर्डोबाच्या अल-मन्सूरने स्पेनमधल्या सँटियागोच्या घंटा काढून नेल्या, मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये कोर्डोबा जिंकल्यावर ख्रिस्ती राजाने त्या परत सँटियागोला पाठवल्या, असा तो किस्सा आहे. नेताना ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून, परत येताना मुस्लिम कैद्यांच्या. घंटा त्याच, खांदे बदलले. आणि अगदी अलीकडचं उदाहरण: अमेरिकन सैन्याने १९०१ मध्ये फिलिपिन्सच्या बालांगिगा गावच्या चर्चमधून तीन घंटा नेल्या होत्या. त्या ११ डिसेंबर २०१८ रोजी परत गेल्या. ११७ वर्षांनी.

मनोऱ्यात काय उरलं

मेणवलीनंतर मी वसईला गेलो. माझा पुण्यातला रूममेट वसईचा, कॅथलिक. त्याच्या आजीने मला जेवायला वाढलं आणि विचारलं, "देवळात जाऊन आलास का?" मी गोंधळलो. रूममेट हसला. त्याची आजी चर्चला देऊळच म्हणते. घरात त्यांची वेगळी बोली, बाहेर मराठी, प्रार्थना मराठीत. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि लोकांच्या भाषेला दार उघडलं. याच वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसईतला ख्रिस्ती समाज मराठी कसा, असं अजून कोणी विचारत असेल तर त्याला ही दोन वाक्यं ऐकवा.

किल्ल्यात संत जोसेफचं जुनं चर्च आहे. छत नाही, आत गवत आहे. दारावरच्या शिलालेखात १६०१ साल आहे, तेव्हा ते नव्याने बांधलं. कडेला मनोरा आहे, आत गोल फिरत जाणारा अरुंद दगडी जिना. पायऱ्या झिजलेल्या. मोबाइलचा टॉर्च लावून मी वर गेलो. वरून खाडी दिसते, होड्या दिसतात, ताडामाडांची झाडं दिसतात, पलीकडे इमारती. आणि जिथे घंटा असायची तिथे कमान आहे. नुसती कमान. वारा आरपार जातो.

जिथून घंटा गेली ती जागा मी तोवर कधी पाहिली नव्हती. मेणवलीत घंटा होती, मनोरा नव्हता. इथे मनोरा होता, घंटा नव्हती. आणि गावाकडे माझ्याकडे दोन्ही होतं, तर मी मधला माणूस काढून टाकला होता.

किल्ल्याबाहेरची गोष्ट वेगळी. तिथली गावं राहिली, माणसं राहिली, पॅरिशही राहिले. सत्ता गेली तरी रविवार येतच होता. पोर्तुगीज गेले आणि मागे ठेवून गेले चावी, पगार, बटाटा, पाव आणि पाद्री हे शब्द. हे शब्द आपण कोणाला परत करणार? १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही झाला.

माझं मत विचाराल तर मेणवलीची घंटा वसईला परत पाठवा असं मी म्हणणार नाही. जवळजवळ तीनशे वर्षांत तीही तिथली झाली. पण तिच्या शेजारी एक पाटी असावी. ही कुठल्या मनोऱ्याकडून आली, कोणत्या लढाईत आली, तिच्यावर कोण आहे. एवढं सांगायला काही जात नाही.

गोव्यातली एक गंमत सांगतो. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनच्या चर्चचा ४६ मीटर उंच मनोरा होता. १८३५ मध्ये तो मठ ओस पडला. तिथली मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली, जहाजांसाठी वाजायला. मग १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये, जिथे पांढऱ्या पायऱ्यांवर सगळे रील काढतात ना, तिथे. मनोरा मात्र मागे राहिला आणि १९३१ मध्ये त्याचा अर्धा भाग कोसळला. घंटा वाचली कारण तिला काम मिळत राहिलं. बिनकामाचा मनोरा पडतो.

थोडं आवाजाचं गणित

घाबरू नका, दोन मिनिटं. मेणवलीच्या घंटेचा आवाज मी मोबाइलवर घेतला आणि लॅपटॉपवर त्यातले सूर वेगळे करून बघितले. चांगल्या घंटेत एक सूर नसतो, अनेक असतात. खाली घुमणारा एक, जो सगळ्यात शेवटपर्यंत राहतो. त्याच्या वर बाकीचे. त्यांत एक कोमल गंधार असतो, म्हणून चर्चच्या घंटेचा आवाज आपल्याला किंचित उदास वाटतो. आणि टोला पडल्या पडल्या जो ठळक सूर आपण "ऐकतो" तो बहुतेक आपला मेंदू वरच्या सुरांवरून जुळवतो.

घंटेची सगळी मापं दुप्पट केली की आवाज एक सप्तक खाली जातो आणि वजन आठपट होतं. म्हणून खर्जातली घंटा एवढी जड. ती उंचावर टांगायची कारण आवाज झाडांवरून, छपरांवरून जावा. आपल्या देवळातली घंटा वेगळ्या कामाची. ती भक्त स्वतः वाजवतो, आत शिरताना, "देवा, मी आलो" म्हणून. चर्चची घंटा एकच माणूस वाजवतो, सगळ्यांसाठी. मेणवलीत, नाशकात या घंटांची नोकरीच बदलली.

रोजच्या प्रार्थनेच्या घंटेचा ठेका ठरलेला असतो: तीन, थांबा, तीन, थांबा, तीन, थांबा, मग नऊ. हे मशीनला शिकवणं सोपं. मी चार ओळींत शिकवलं. मरणाची घंटा वेगळी. एकेक टोला, मधे मोठी शांतता. आमच्या गावात माणसाचं वय होतं तेवढे टोले देतात. शेतात असलेला माणूस हातातलं काम थांबवून मोजतो. पंचवीसवर थांबली तर घरी पळत येतो. ऐंशीच्या पुढे गेली तर डोक्याला हात लावून पुन्हा निंदायला लागतो. विचार करा, नाव नाही, फोटो नाही, नुसत्या आकड्यावरून गावाला कळतं कोण गेलं असावं.

आणि हे काम सुखाचं नव्हतं. युरोपात समजूत होती की घंटा वाजवली की वीज पळते. म्हणून वादळात माणसं मनोऱ्यात उभी राहून ओली दोरी ओढायची. अठराव्या शतकातल्या तेहेतीस वर्षांच्या एका नोंदीत असे १०३ वाजवणारे विजेने मेल्याचं दिलंय. गावातल्या सगळ्यात उंच जागी, हातात ओली दोरी! आपल्या मार्कंडाचं देऊळ आठवा, चामोर्शी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं. त्याच्या शिखरावरही अठराव्या शतकात वीज पडली आणि वरचे दगड मंडपावर कोसळले, असं सांगतात. उंच बांधलं की विजेचा हिशोब आलाच. म्हणून आमच्या लोखंडी सांगाड्याला मी तडितरोधक बसवला. या सगळ्या वाचनाचा तेवढा तरी उपयोग झाला.

आमच्याकडचं चर्च

तुम्ही म्हणाल, गडचिरोलीत चर्च कुठून? रस्ते नव्हते तेव्हा चर्च कसं पोचलं? तर आमचा जिल्हाच नवा, २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झालेला. त्याआधी सगळा चांदा. चांद्यात एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन आलं. तिथे काम केलेले अलेक्झांडर वूड पुढे १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. मग १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक चर्चने चांदा हे आपलं मिशन क्षेत्र म्हणून घेतलं. १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, मुख्य ठिकाण बल्लारपूर. म्हणून आमच्याकडचे कित्येक फादर आणि सिस्टर मल्याळी. गंमत बघा: ज्यांची परंपरा संत थॉमसपर्यंत जाते असं ते मानतात, पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची, ती माणसं इथे येऊन झाडीबोली शिकली. आमचे फादर "का करून राहिला बे" इतकं झकास म्हणतात की पुण्यातला माझा मॅनेजर ऐकून चाट पडेल.

या चर्चना चारशे वर्षांचा इतिहास नाही. दगडी मनोरे नाहीत, शिलालेख नाहीत. कोणी त्यांच्यावर कॉफी टेबल बुक काढणार नाही. पण जतन करण्यासारखं काय असतं, याचा विचार मी मेणवली आणि वसई बघितल्यावर करायला लागलो. मनोरा राहतो आणि घंटा जाते. घंटा राहते आणि मनोरा पडतो. आणि कधी दोन्ही राहतात, पण कुठला टोला कशाचा हे सांगणारा माणूस जातो. तिसरं सगळ्यात गुपचूप होतं. त्याची बातमीही येत नाही.

मशीनचं काय केलं

त्या रात्रीनंतर मी गावी गेलो, काकाजींची माफी मागितली. त्यांना मुळी रागच नव्हता. म्हणाले, "बरं झालं. जित्तेपनीच समजलं, कोन कोन येते माह्या दारी." मग यादी सांगितली. कोण आलं, कोण नाही आलं. दोघेजण नव्हते आले, ते त्यांच्या चांगले लक्षात होते.

मशीनमध्ये बटन सेल घातला. शिवाय एक अट टाकली: घड्याळाची खात्री नसेल तर गप्प बसायचं. चुकीचं वाजण्यापेक्षा न वाजलेलं बरं. दुपारची बाराची घंटा तेवढी मशीनकडे ठेवली, कारण तेव्हा सगळे शेतावर असतात. सकाळ-संध्याकाळ पुन्हा दोरी. मोटरचा हात घंटेपासून सहज बाजूला होईल असा करून घेतला. आणि काकाजींनी खाटेवर बसून होस्टेलच्या दोन मुलींना शिकवायला सुरुवात केली. ताटलीवर चमचा वाजवून! दोरी ओढायला जोर लागत नाही, लय लागते, हे मला तिथे कळलं. घंटा झोक्यावरून परत येताना ओढायचं, आधी नाही. आधी ओढलं की ती तुम्हालाच उचलते.

मी मोबाइलवर त्यांचं सगळं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलंय. रोजची घंटा, लग्नाची, मरणाची, आणि एक चौथी, नदीला पाणी चढलं की द्यायची. ती थांबायचं नाव घेत नाही, तोच तिचा ठेका. ती मी एकदाच ऐकली होती, पहिलीत असताना. ती चर्चची घंटा आहे का, आपण ख्रिस्ती आहोत का, असं तेव्हा कोणी कोणाला विचारलं नव्हतं. सगळे टेकडीकडे गेले होते.

या फेब्रुवारीत काकाजी गेले. खरंच गेले. मी पुण्यात होतो. आईने फोन लावला आणि काही न बोलता खिडकीत धरून ठेवला. मुली वाजवत होत्या. मी मोजत होतो. आधार कार्डावर काकाजींचं वय ७१ आहे. मशीनच्या कामासाठी मी त्यांचे कागद भरले होते म्हणून मला माहीत. एकाहत्तर झाले. बहात्तर. मला वाटलं पोरी चुकल्या. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर. मग थांबली.

नंतर आईला विचारलं. आई म्हणाली, मुली आधी काकूंकडे गेल्या होत्या विचारायला. काकू म्हणाल्या, "कार्डावर शाळेतल्या गुरुजीनं कमी लिवलं होतं. चवऱ्याहत्तर द्या."

माझ्या मशीनने एकाहत्तरच दिले असते.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या गावात देवळाची, चर्चची, शाळेतली रुळाच्या तुकड्याची, कुठलीही घंटा असेल, तिचा आवाज मोबाइलवर घ्या. तीस सेकंद पुरतात. आणि ती वाजवणाऱ्या माणसाला विचारा, कुठला ठेका कशाचा. तेही रेकॉर्ड करा. मला पाठवा; पुढचा एक अख्खा भाग आपण तुमच्या घंटांवर करू. आणि मेणवलीला गेलात तर शाहरुखचा घाट बघाच, पण घंटेवरच्या त्या बाईकडेही दोन मिनिटं बघा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, बटन सेल घालायला विसरू नका.